लाईट असेपर्यंत सरकारी

विजेच्या खाजगीकरणावर या देशात सगळ्यात जास्त बोललेला माणूस दिल्लीत नाही, मुंबईत नाही, तो तासगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीत उभा आहे, भुवयांपर्यंत पांढरा झालेला, आणि हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीये! मंत्री बोलले असतील, पेपरवाल्यांनी लिहिलं असेल, पण त्या लोकांना मधे जेवायची-झोपायची सुट्टी असते. आमचे गिरणीवाले मामा घास तोंडात असतानाही बोलतात. आणि त्यांची खरी कमाल पुढंच आहे. बाकीचे लोक या वादात एका बाजूचे असतात, वीज सरकारकडेच राहिली पाहिजे म्हणणारे किंवा कंपन्यांना देऊन टाका म्हणणारे. मामा दोन्ही बाजूंनी बोलतात, आणि दोन्ही बाजूंनी अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी येईल असं बोलतात. फक्त एकाच वेळी नाही. लाईट असली की मामा सरकारी, लाईट गेली की मामा खाजगी. इतका साधा हिशोब आहे.

मामा म्हणजे नात्यातले कुणी नव्हेत. आई त्यांना दादा म्हणते, ते आईपेक्षा कितीतरी मोठे असूनही तिला आक्का म्हणतात, म्हणून ते माझे मामा, एवढंच. मूळचे जतकडचे, कर्नाटकाच्या हद्दीजवळचे. त्यांच्या आज्यापर्यंत सगळ्यांनी मेंढरं राखली. मेंढरं सुटली, पण सवय सुटली नाही. गिरणीत दळणाचे डबे रांगेत लावलेले असतात ना, ते मामा मेंढरं हाकल्यासारखे हाकतात. पायानं हळूच डबा पुढं सारायचा आणि जिभेनं "टक् टक् हुर्रऽ" असा आवाज काढायचा. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, डबे राहतात. "त्यो पोचा पडलेला तेलाचा डबा कुठं गेला रं? सकाळपासनं दिसला न्हाई," असं त्यांनी विचारलं की ओळखायचं, पोस्टातले कारकून आले नाहीत. मोटार अडली की ते तिला कानडीत शिव्या देतात. मी एकदा विचारलं, "मामा, मराठीत का नाही देत?" तर म्हणाले, "आगं, गिऱ्हाईक असत्यात की समोर. बायामाणसं असत्यात. आन् मोटारीला काय, तिला सगळं कळतंय."

तर तेव्हा पेपरात रोज येत होतं की वीज सरकारनं ठेवायची का विकायची, आणि आमच्याकडे रोज लाईट जात होती, त्यामुळे विषयाला तोटा नव्हता. मामांचा रोजचा विरोधी पक्ष म्हणजे आमच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. गुरुजी खाजगीकरणाच्या कडक विरोधात, सदैव, उन्हाळा-पावसाळा. ते दळण नसलं तरी येऊन बाकड्यावर बसायचे. गिरण चालू असली की दोघांचं एकदम जमायचं. पट्टा फटाफटा वाजतोय, पीठ उडतंय, आणि मामा त्यावरनं ओरडतायत, "गुरुजी, आज सरकार हाय म्हणून वाडीवस्तीवर बल्ब पेटतुया! कंपनी काय आपली मावशी लागतीय व्हय? ती म्हणंल, चार घरांसाठी खांब कशाला रवू? आवं, खाजगी कंपनी म्हंजे नुसती लूट..." आणि इथं लाईट गेली. पट्टा लटपटला, चाक हळूहळू थांबलं, सगळीकडे शांत. मामांनी श्वाससुद्धा घेतला नाही. "...लूट तर ही चाललीय आपली! बिल भरायचं आन् गपगुमान बसायचं! विका! आजच्या आज विका! जमलंच तर पोस्टबी विका!" गुरुजी बिचारे मान डोलवत होते ते मधेच थांबले. "अहो, तुम्ही कुठल्या तरी एका बाजूला राहा की!" तर मामा शांतपणे पट्ट्यावरचं पीठ झाडत म्हणाले, "मी एका जागीच हाय गुरुजी. लाईटच ऱ्हात न्हाई एका जागी."

आणि लाईट जाणार हे आपल्याला आधी कळतं अशी त्यांची ठाम समजूत! तारेवर कावळे कसे बसलेत, पट्ट्याचा आवाज कसा येतोय, समोरच्या सायकलवाल्याचा रेडिओ किती खरखरतोय, असलं सगळं बघून ते एकदम हात वर करायचे, "आता जानार!" मग गर्दीत धावपळ, ज्याचं थोडंसं दळण असेल त्याला पुढं घ्या, अर्धी पिशवीवाल्याला पुढं घ्या. लाईट काही जायची नाही. ज्या दिवशी "आज काय जात न्हाई, निवांत बसा" म्हणायचे, त्या दिवशी मात्र हमखास जायची. बायका तर त्यावरच भरवसा ठेवून असायच्या. मामा निवांत बसा म्हणाले की त्या पटकन रॉकेलच्या बत्तीची काच पुसायला घरी जायच्या.

पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल नुसतेच बोलघेवडे. दळता दळता लाईट गेली की अर्धे दाणे वरच्या तोंडात आणि अर्धे दगडांच्या मधे अडकून बसतात. तसाच खटका दाबला तर मोटार ओढत नाही, जळते. दगड उचलून, साफ करून मग परत सुरू करावं लागतं. हे करताना मामा अडकलेल्या पिठातला चिमूटभरही भाग दुसऱ्याच्या डब्यात जाऊ द्यायचे नाहीत. आणि ज्याचं दळण अडकलं त्याला त्या संध्याकाळी आपल्या घरातलं पीठ काढून द्यायचे. "आज आमचं खावा, लाईट आल्यावर तुमचं आमी खातो." हे त्यांनी कुणाला मोठेपणानं सांगितलं नाही. तो गिरणीचा रिवाजच होता, आणि पीठ देतानाही तोंडानं सरकारला विकायला काढलेलंच असायचं.

एकदा काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, मामांनी डब्यांच्या दोन रांगा केल्या. उजवीकडं सरकारी, डावीकडं खाजगी. "बघू तरी पब्लिक कुनीकडं हाय!" म्हणाले. पब्लिकनं काय करावं? ज्या बाजूची रांग लहान त्या बाजूला डबा! एक बाई तर दोन डबे घेऊन आली होती, तिनं एक इकडं ठेवला, एक तिकडं. गुरुजी संतापले, म्हणाले हा लोकशाहीचा अपमान आहे. तेवढ्यात लाईट गेली आणि मामांनी खाजगीवाल्यांना आधी नंबर जाहीर केला, तर सरकारी रांगेतल्या सगळ्यांनी आपापले डबे उचलून डावीकडं आणले, आणि लाईट आल्यावर परत उजवीकडं. त्या ओढाओढीत एका डब्याचं झाकण उडालं, ज्वारी सांडली, कोंबड्या आल्या, नुसता गोंधळ! आमची आई मधोमध उंबऱ्यावर डबा घेऊन उभी होती. मामा म्हणाले, "आक्का, तुमी कंच्या बाजूच्या?"

"मी दळणाच्या बाजूची," आई म्हणाली. "घेताय का जाऊ?"

मामांनी घेतलं. रांगा तिथंच मोडल्या.

आईला घाई असायची, कारण आमचं घर तेव्हा भाकरीवर चाललं होतं, आणि हे मी शब्दशः सांगतेय. वडील कामाला जायचे ती सूतगिरणी बंद पडली होती. ते घरी बसून होते, म्हणजे बसतही नव्हते, नुसते दारापर्यंत जाऊन परत यायचे. मी कॉलेजात. आईनं घरात ज्वारीच्या भाकरी करून बँकेतल्या, दवाखान्यातल्या लोकांना द्यायला सुरुवात केली होती. चालत होतं पण भागत नव्हतं. आणि मग अचानक ती मोठी ऑर्डर आली. गावातल्या वाचनालयानं परिसंवाद ठेवला होता, विषय अर्थातच 'विजेचं खाजगीकरण: हवं की नको?' सांगलीहून पाहुणे येणार, दुपारी सगळ्यांना झुणका-भाकरी आणि खर्डा. भाकरीचं काम आईकडे! त्यात पाहुण्यांमधले एकजण सांगलीतल्या एका होस्टेलची खानावळ बघणारे होते. त्यांनी आधीच निरोप धाडला होता, भाकरी आवडली तर होस्टेलची रोजची ऑर्डर तुम्हाला देतो, नाहीतर आमच्याकडे दुसरी एक बाई आहे. आईनं तो निरोप ऐकून नुसतं "बरं" म्हटलं, पण नंतर पातेलं घासताना ती गुणगुणत होती. सूतगिरणी बंद पडल्यापासून मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

आणि त्याच परिसंवादात वक्ते म्हणून कोण? मामा! आयोजकांना वाटलं, विजेवर पोट असलेला एक माणूस स्टेजवर असावा. गुरुजींनी नाव सुचवलं आणि नंतर बहुतेक डोक्याला हात लावला. मामांना मात्र आभाळ ठेंगणं झालं. आयुष्यभर पिठात उभं राहून ओरडलेला माणूस, आता खुर्ची, टेबल, तांब्या-भांडं, माईक! त्यांनी पांढरा शर्ट शिवून घेतला. मामा आणि पांढरा शर्ट, म्हणजे सांगूनही कुणाला फरक कळला नसता, पण हा पांढरा वेगळा होता, हा धुतलेला पांढरा होता. भाषणाची तयारी ते गिरणीतच करायचे. फक्त एक अडचण होती. त्या दिवशी लाईट असेल का नसेल हे माहीत नसल्यामुळं त्यांनी दोन्ही भाषणं तयार ठेवली होती.

परिसंवादाच्या आदल्या दिवशी दुपारी असा काही वारा सुटला की द्राक्षबागांकडच्या तारा खाली आल्या. संध्याकाळी लाईट नाही. सकाळी उठून बघतो तर तेव्हाही नाही. आता ज्यांनी भाकऱ्या केल्यात त्यांना हे कळेल, ज्वारीचं पीठ ताजंच लागतं. जुनं झालं की भाकरी थापता थापता तुटते, कडेला चिरा पडतात. म्हणून आईनं मुद्दाम आदल्या संध्याकाळी दळायचं ठरवलं होतं आणि दोन्ही मोठे डबे निवडून तयार होते. ज्वारी होती, चूल होती, मदतीला गल्लीतल्या बायका पदर खोचून येऊन बसल्या होत्या, आणि पीठ नव्हतं. गावातल्या सगळ्याच गिरण्या बंद. आई डब्यांपुढं बसली होती. नुसती झाकणावर हात ठेवून बसली होती. वडील म्हणाले, "त्यांना सांगून येऊ का, जमणार नाही म्हणून?" आईनं एका डब्याचं झाकण परत घट्ट बसवलं.

तेवढ्यात दारात मामा. नवा पांढरा शर्ट, डोक्याला फेटा, पायात करकरणाऱ्या वहाणा, अंगाला अत्तर. दाखवायला आले होते! "आक्का, बगा बरं, कसा दिसतुया? आज खाजगीच बोलावं लागंल असं दिसतंय, लाईट न्हाई..." आणि मग त्यांचं लक्ष डब्यांवर गेलं. मामांना डबे लगेच समजतात. ते एकदम गप्प झाले. मी मामांना बोलता बोलता गप्प झालेलं तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"कवा पायजे पीठ?" त्यांनी विचारलं.

"आत्ता पायजे होतं, दादा," आई म्हणाली. "असू द्या. तुम्ही जावा, तुम्हाला उशीर होईल."

मामा तसेच वळले आणि शेजारच्या बागाईतदारांच्या दारात जाऊन ओरडले, "आवं, ट्रॅक्टर काढा तुमचा! गिरणीवर आना!" बागाईतदार दात घासत बाहेर आले. "गिरणीवर? गिरणीत काय नांगरणी हाय का?" "पट्टा लावायचा हाय! पुली हाय नव्हं तुमच्याकडं? कडबा कापायला लावताय ती?" "हाय की. पर तुमचं भाषण..." "आदी ट्रॅक्टर!"

ट्रॅक्टर आला, गल्लीत उलटा उभा राहिला, निम्मी गिरण धुरानं भरली. मोटारीचा पट्टा काढून ट्रॅक्टरच्या पुलीला चढवला. दोनदा निसटला, एकदा बागाईतदारांच्या कानाजवळून गेला. मामांनी मोटारीच्या वाटणीच्या कानडी शिव्या ट्रॅक्टरला दिल्या. आता वाटेल, सुरू झालं ना, मग दुसऱ्या कुणाला उभं करून मामांनी जायचं. पण ट्रॅक्टरचा वेग काही मोटारीसारखा एकसारखा नसतो. तो वाढला की दगड तापतो, पीठ करपतं, कमी झाला की दाणे तसेच बाहेर. सतत हातानं दाणे कमी-जास्त सोडत राहावं लागतं, आणि तो हात गावात एकच होता. मामांनी शर्ट काढून खिळ्याला अडकवला, फेटा त्यावर ठेवला आणि बनियनवर उभे राहिले. मी म्हटलं, "मामा, परिसंवाद सुरू झाला असेल." ते म्हणाले, "व्हऊ दे. आज ही लाईट सरकारची बी न्हाई आन् कंपनीची बी न्हाई. ही बागाईतदारांची हाय, हिच्या इरुद्ध बोलायची सोय न्हाई!"

आणि मग त्यांनी भाषण केलं. खरंच केलं! तिथंच! ट्रॅक्टर धडधडतोय, दगड घरघरतोय, पट्टा आपटतोय, आणि मामा एका हातानं दाणे सोडतायत आणि दुसरा हात वर करून बोलतायत, समोर माझ्याकडं, बागाईतदारांकडं, रिकाम्या बाकड्याकडं बघून. ओठ हलतायत, मान हलतेय, मधेच छातीवर हात, मधेच बोट आभाळाकडं. एक शब्द ऐकू आला नाही. एकसुद्धा नाही! ते कुठल्या बाजूनं बोलतायत हेही कळलं नाही. संपल्यावर त्यांनी हात जोडले. बागाईतदारांनी ट्रॅक्टरवरूनच टाळ्या वाजवल्या, त्याही ऐकू आल्या नाहीत.

पीठ गरम गरम घरी येत गेलं आणि बायकांनी त्या दिवशी ज्या भाकऱ्या बडवल्या, बापरे! पीठ थोडं भरड होतं, आई काळजीत होती, पण ताजं होतं, हाताला धरत होतं. वडीलसुद्धा उठले, चुलीपुढं बसून जाळ घालत होते. परिसंवादात माईक बंदच होता, वक्ते घसा फोडून बोलत होते. गुरुजींनी स्टेजवरून सांगितलं म्हणे, "आमचे एक वक्ते या क्षणी विजेशिवाय दळण दळत असल्यामुळे येऊ शकत नाहीत," आणि लोक हसले, त्यांना वाटलं विनोद आहे. जेवायला बसल्यावर सरकारीवाले आणि खाजगीवाले एकाच पंगतीत खर्डा मागत होते. होस्टेलवाले पाहुणे तिसरी भाकरी घेताना म्हणाले, "बाई, हे पीठ असंच जरा भरड ठेवत जा हं रोज." रोज! आईनं त्या 'रोज'वर माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

मामा आले तेव्हा सगळं संपलं होतं. मांडववाले खुर्च्या गोळा करत होते. नवा शर्ट अंगावर होता, पण आत पीठ होतं, बाहेरून शर्ट स्वच्छ आणि गळ्यातून वर माणूस पांढरा. ते सरळ स्टेजवर गेले. बंद माईकपुढं उभे राहिले. खाली आम्ही तिघंच, मी, आई आणि वडील. "बोला की दादा," आई म्हणाली. "आम्ही ऐकतोय."

मामांनी तोंड उघडलं आणि थांबले. इकडं-तिकडं बघितलं. "लय शांत हाय गं हितं," म्हणाले. पट्टा नाही, दगड नाही, मामांना कशावर ओरडायचं ते कळेना. मग ते हळू आवाजात बोलले. त्यांना असा आवाज आहे हे मला माहीतच नव्हतं, बारीक, जरा लाजरा, घरात कुणी झोपलं असताना बोलतो तसा. "तसं काय लय न्हवतो बोलनार मी. सरकार काय, कंपनी काय, कुनीबी चालवा. फकस्त, घालवायची असली तर आदी सांगा म्हनावं. मानसानं दळान वतायच्या आदी." एवढंच. मांडववाला म्हणाला, "काका, ती पायाखालची चटई घ्यायचीय," आणि ते उतरले.

आईनं त्यांच्यासाठी पातेल्याच्या तळाशी भाकरी झाकून ठेवली होती. ते तिथंच पायरीवर बसून जेवले. "भरड आलंय, आक्का." "आलंय." "लोकांनी खाल्लं?" "पुरलं नाही, दादा." मामांनी मान डोलावली आणि खर्डा मागितला.

होस्टेलची ऑर्डर चालू आहे. तिच्यावर माझं कॉलेज झालं, वडिलांच्या हाताला काम आलं, ते रोज सकाळच्या एसटीनं भाकऱ्या सांगलीला पोचवतात आणि आता दारापर्यंत जाऊन परत येत नाहीत, पुढं जातात. मी नोकरीला साताऱ्याला आलेय, एका टायपिंगच्या दुकानात. तासगावला गेले की आधी गिरणीत जाते. मामा लांबूनच ओरडतात, "कवा आलीस गं?" मीही ओरडून सांगते, "सकाळी!" गिरण चालू असली की त्यापेक्षा जास्त काही बोलता येत नाही, आणि बंद असली की मामा आणि गुरुजींचं जुंपलेलं असतं, तिथं मधे कसं बोलणार? प्रत्येक वेळी त्या दिवसाच्या पिठाचं बोलायचं ठरवून जाते आणि प्रत्येक वेळी पीठ घेऊन परत येते. ते शब्द काय, दोन-तीनच आहेत. पण ते असे घरघराटावर ओरडून म्हणायचे नसतात ना. कधीतरी गिरण थांबलेली असावी, बाकड्यावर कुणी नसावं, आणि मामांनी जरा दमून गप्प बसलेलं असावं. मग मी सांगीन, हळू आवाजात.